कॅरमवरचा कारखाना

शेवटचं भेटलो तेव्हा वैशालीला बोलताना धाप लागत होती. तरी सलाइनच्या नळीचं फाडलेलं पाकीट तिनं मला कचऱ्याच्या टोपलीतून काढायला लावलं आणि सील निरखून पाहिलं. "नीट आहे गं," म्हणाली आणि डोळे मिटले... त्याच आठवड्यात कॅन्सरनं तिला नेलं.

घाटकोपरला आम्ही एकाच मजल्यावर वाढलो. अंधेरीच्या ज्या कारखान्यात ती इंजिनियर होती, तिथं अशाच नळ्या बनतात. गळती तपासायला एकच टेबल, आणि त्याच्यापुढे ट्रे कायम तुंबलेले. वैशालीनं अख्खा कारखाना कॉम्प्युटरवर उभा केला. खरं मशीन न हलवता, काय बदललं तर कुठे तुंबेल ते त्यात दिसायचं. मला समजावं म्हणून तिनं तोच कारखाना घरच्या कॅरमवर मांडला. खडूचे चौकोन म्हणजे मशीनं, सोंगट्या म्हणजे ट्रे. मी सोंगट्या सरकवायचे, ती एकेक तपासायची, आणि बघता बघता तिच्यापुढे ढीग. "बघ, माझाच हात घाई करायला लागला. तिथल्या पोरींचं काय होत असेल?"

मॉडेलचं उत्तर सरळ होतं. नवं मशीन नको, तपासणीचं दुसरं टेबल लावा. कारखान्याचे साहेब हसले. "मॅडम, व्हिडिओ गेम झकास आहे." आणि आणलं काय, तर आणखी वेगाचं मशीन! व्हायचं तेच झालं. गळक्या नळ्या हॉस्पिटलांतून परत आल्या आणि टेबलावरच्या पोरींना घरी बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. वैशाली त्यांच्यासाठी भांडली, तर तिलाच गोदामाच्या कामावर टाकलं. आजही हे लिहिताना माझं डोकं तापतं.

आणि शोकसभेत हेच साहेब! पडद्यावर तिचं मॉडेल, कोपऱ्यात कंपनीचं नाव, हातात रुमाल. "वैशाली म्हणजे आमची दूरदृष्टी." मला राहवलं नाही. उठून विचारलं, "सर, दुसरं टेबल लागलं का?"

"आज तो विषय नको," ते म्हणाले. लोक माझ्याकडेच रागानं बघत होते.

कॅरमचं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. परवा साहेबांनी ड्रायव्हर पाठवला. ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर लावायला तो कॅरम हवा म्हणे. वैशालीची आई, आमच्या काकू, दार अडवून उभ्या राहिल्या. "तेका सांग, आधी दुसरा टेबल लाव. मगे बोर्ड घेवन जा."

आजारपणात घरी बसल्यावर वैशालीनं तो डाव पुन्हा मांडला होता. कॅरम अजून खिडकीखाली आहे. तपासणीच्या चौकोनापुढे सोंगट्यांचा ढीग तसाच, आणि काकू रोज त्याला धक्का न लावता भोवतीची धूळ पुसतात.