गुप्तहेराची मिशी आणि तिसरा शेवट

धंदा त्याचा केस कापायचा, पण गिऱ्हाइकांनी नाव पाडलं होतं गुप्तहेर. कारण दुकानातला टीव्ही. आरशाच्या वर टांगलेल्या त्या टीव्हीवर तो फावल्या वेळात, आणि खरं सांगायचं तर बिनफावल्या वेळातही, मारधाडीचा एकच व्हिडिओ गेम खेळायचा. त्यातलं शहर कायम अंधारं, कायम भिजलेलं. नायक म्हणजे नोकरीवरून काढलेला पोलीस. लांब कोट, तिरकी टोपी आणि चेहऱ्यावर दाढ दुखत असल्यासारखा भाव. ओळीनं माणसं लोळवत तो आपल्या दगाबाज दोस्ताला शोधत जातो. गोष्ट एवढीच. पण बनवणाऱ्यांनी तिच्यात जागोजागी चोरकप्पे ठेवलेले होते, आणि ते हुडकण्यात गुप्तहेराचा हात धरणारा कोणी नव्हता. हॉटेलातल्या घड्याळावर गोळी झाडली की भिंत सरकते. मासळी बाजारातल्या मांजरामागे गेलं की बंदूक सापडते. शवागारातला फोन उचलला की मेलेला माणूस बोलतो. सगळं तोंडपाठ.

गिऱ्हाइकाचं डोकं मात्र त्याला कधी पाठ झालं नाही. "बाजूनं थोडेच…" एवढं कोणी म्हणेपर्यंत बाजू साफ झालेली असायची. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं त्याच्या पिंडातच नव्हतं. मुलगी बघायला गेला तेव्हा ती म्हणाली, "मला जरा विचार…" आणि ह्यानं लग्नाची तारीख सांगून टाकली. तीच मुलगी आता दुकानातल्या पडद्यापलीकडे बायकांचं पार्लर चालवायची. सगळे तिला वहिनी म्हणत.

तर त्या गेमचे शेवट दोन. गच्चीवर दोस्त समोर येतो. गोळी घातली तर दोस्त मरतो, बंदूक टाकली तर आपण मरतो. पण कुठंतरी दडवलेला तिसराही एक शेवट आहे, अशी वदंता होती. एकदा समोरचा मोबाईल दुरुस्तीवाला दाढीला बसला आणि म्हणाला, "तिसरा-बिसरा काही नाही रे. रिकामटेकड्यांनी उठवलेली आवई."

"आहे!"

"मग तुलाच कसा सापडत नाही? का मांजरानं खाल्ला?"

बाकावरची मंडळी खिदळली. गुप्तहेराचं टाळकं फिरलं. त्याची मिशी म्हणजे दुकानाची पाटीच होती. टोकं मेण लावून वर वळवलेली. गिऱ्हाइकं तिच्याकडे बोट दाखवून "अशी करा" म्हणायची. त्याच मिशीला पीळ देत तो म्हणाला, "रविवारी दुपारी सगळ्यांसमोर दाखवतो. नाही दाखवला तर ही मिशी तुझ्या हातानं उतरव."

बोलून तर गेला, आणि मग हळूच मिशी चाचपून पाहिली.

रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दाढी झालेलेही उठायला तयार नव्हते. गुप्तहेरानं घड्याळ फोडलं, मांजराला भुईमुगाच्या शेंगा सोडून बाकी सगळं खाऊ घातलं, फोन उचलला, आदळला, पुन्हा उचलला. दर वेळी शेवटी गच्ची यायचीच. दोस्त ओलाचिंब समोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "थांब. गोळी घालण्याआधी एक ऐक. त्या रात्री मी…" की गुप्तहेराचा अंगठा बटणावर. बोलणं गायब, गोळी तयार.

"मेण पुसून ठेव," मोबाईलवाला बाह्या सरसावत म्हणाला. "वस्तरा नवा घेऊ का जुनाच चालेल?"

तेवढ्यात पडदा सरकला. वहिनी भुवया कोरायचा दोरा बोटांत तसाच ठेवून बाहेर आली.

"अहो, तो माणूस वर्षभर काहीतरी सांगायला तोंड उघडतोय. एकदा पुरतं ऐकून तर घ्या!"

"अगं, ती नुसती बडबड असते. बटण दाबलं की जाते."

"माझ्यासाठी पण घेतलंय वाटतं तसलं बटण?"

हसण्यानं दुकान फुटायचं बाकी राहिलं. वहिनीनं त्याच्या हातातला कंट्रोलर काढून घेतला, खुर्चीत बसली आणि तो मांडीवर नुसता ठेवून दिला. गच्ची पुन्हा सुरू झाली आणि दोस्त बोलायला लागला. गुप्तहेरानं टीव्हीकडे पाठ केली आणि मंडळींना समजवायला घेतलं, "ह्यानं काही होत नाही, मी सांगतो ना. मेख सगळी मांजरात आहे. आता बघा…"

मंडळी बघतच होती, पण त्याच्या डोक्यावरून टीव्हीकडे. दोस्तानं सगळं सांगितलं. दगा कोणी दिला, कोणाला वाचवायला दिला, आणि इतकी वर्षं तो तोंड का लपवत होता. मग त्यानं स्वतःचं पिस्तूल खाली ठेवलं. नायकानं टोपी काढली. दोघं बरोबरीनं जिना उतरून गेले. मोबाईलवाल्यानं नाक ओढलं आणि दाढीचा साबण डोळ्यात गेला म्हणाला. साबण लावलेलाच नव्हता.

गुप्तहेर वळला तेव्हा टीव्हीवर नुसती नावं वर सरकत होती.

"काय झालं?"

"झाला तिसरा शेवट," मोबाईलवाला म्हणाला. "मिशी वाचली तुझी. वहिनींचे पाय धर."

"पण झालं काय?"

वहिनी सांगायला लागली, "अहो, तो दोस्त म्हणाला की…"

"कळलं, कळलं! पोलिसांचाच माणूस निघाला ना? मला पहिल्यापासून माहीत होतं."

वहिनीनं कंट्रोलर त्याच्या हातात दिला आणि ती पडद्याआड गेली. तिकडे अर्धी भुवई कोरलेली बाई ताटकळली होती.

नंतर त्यानं स्वतः पुष्कळदा बसून पाहिलं. दोस्त "त्या रात्री मी…"पर्यंत पोचतो आणि अंगठा दगा देतो. तिसरा शेवट काही त्याला दिसला नाही. पण सांगायचं तो कशाला थांबतोय? जो खुर्चीत बसेल त्याला ऐकवतो: दोस्त पोलिसांचा माणूस निघतो, गच्चीवर हेलिकॉप्टर उतरतं, खाली अख्खी गोदी पेटते. ज्यांनी त्या रविवारी डोळ्यांनी पाहिलं, तेही ऐकतात. परवा मोबाईलवाल्याला राहवलं नाही. फेसातून तोंड वर काढून तो म्हणाला, "अरे, तसं नाही, तो जिन्यावरून…"

"हलू नकोस," गुप्तहेर म्हणाला. वस्तरा हनुवटीखाली पोचला होता. "काय उतरतं म्हणालो मी?"

मोबाईलवाल्यानं आवंढा गिळायचं टाळलं.

"हेलिकॉप्टर," तो ओठही न हलवता म्हणाला. "मोठं होतं."