दुसऱ्या मजल्यावरचा गाळा

परळची गिरणी पाडून तिथे मॉल उभा राहिला, तेव्हा मी भोईवाड्यातून चालत तिथे कामाला जायला लागले. दुसऱ्या मजल्यावर चपला-बुटांचं मोठं दुकान होतं. माझ्याबरोबर कफ परेडच्या मच्छीमार वस्तीतली एक बाई होती, माझ्याहून बरीच मोठी. घरात सगळ्यांचा मासळीचा धंदा. हिला मात्र एसीतली नोकरी हवी होती. ती गिऱ्हाइकाशी फार बोलायची नाही, पण रडणारी पोरंही तिच्याकडून गुपचूप बूट घालून घ्यायची.

फूड कोर्टात स्टाफला बसू देत नसत. म्हणून दुपारी आम्ही मागच्या जिन्यात बसून जेवायचो. तिच्या डब्यात सुकटीची चटणी असली की सिक्युरिटीवाला वासावरून कुरकुर करायचा आणि ती त्यालाही थोडी द्यायची.

काही वर्षांनी ते दुकान बंद झालं आणि त्याच गाळ्यात कपड्यांचं आलं. नव्या मॅनेजरने मला ठेवलं. तिला सांगितलं की आम्हाला तरुण स्टाफ हवाय. मी त्याच्याशी बोलून पाहिलं, पण तो मोबाइलमधून मान वर करेना. तिने तेवढ्यात पर्स उचलली आणि निघून गेली. नंतर फोन केला तर उचलायची नाही.

पुढच्या महिन्यात लिफ्टमधून बाहेर पडले तर समोर ती. अंगावर निळा युनिफॉर्म, हातात लादी पुसायचा मॉप. हाउसकीपिंगच्या कंत्राटदाराकडे लागली होती. तिनेच विचारलं, "डबा आणलायस ना?"

आम्ही पुन्हा जिन्यात बसायला लागलो. तिला दुकानातून काढलं त्याबद्दल दोघी कधीच काही बोललो नाही.

कपड्यांनंतर खेळणी आली, मग मोबाइल, मग घरसजावटीच्या वस्तू. दर वेळी नवा टी-शर्ट, नवं ट्रेनिंग, तेच नमस्कार आणि तेच हसू. घरी आले की मुलीशी बोलायचंही त्राण नसायचं. हळूहळू लोक सगळं घरबसल्या मागवायला लागले. मॉलमध्ये यायचे ते उन्हातून जरा गार वाटावं म्हणून. बाजूचे गाळे रिकामे झाले, त्यांच्या काचांवर 'लवकरच येत आहे' असं लिहिलेलं राहिलं आणि कोणीच आलं नाही.

आमचंही दुकान गेल्या वर्षी बंद झालं. माल टेम्पोत चढला, दुकानातली बाकीची पोरं सेल्फी काढून निघून गेली. गाळा साफ करायला तीच आली. काचेवरची सेलची स्टिकरं निघता निघेनात, तेव्हा मीही पुढे झाले आणि नखांनी खरवडायला लागले.

"तू कशाला करतेस? तुझी नोकरी संपली," ती म्हणाली.

"तुझी आहे ना अजून."

ती मॉपच्या दांड्यावर रेलली. मग म्हणाली, "दमले गं मी."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मी तिच्या हातातला मॉप घेतला आणि तिला पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसवलं. कोपऱ्यापासून दारापर्यंत लादी मीच पुसली. तिने नको म्हटलं नाही. भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसून राहिली.

आता मी एका हॉस्पिटलच्या बाहेर औषधांच्या दुकानात असते. ती अजून मॉलमध्येच आहे. माणसं येवोत न येवोत, लादी रोज पुसावीच लागते.