पप्पांच्या कार्डाची लिमिट मी कमी केली

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगते. आणि चहाचा घोट तोंडात असेल तर गिळून घ्या, नाकातून येईल!

मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी. आयुष्यात एकदाच धाडस केलं. आणि काय केलं? आईबापाला बँकेच्या एसीत घाम फोडला!

आम्ही डिंडोलीत राहतो. पप्पा सचिन नावाच्या गावात लूमच्या कारखान्यात कारागिरांवर देखरेख करणारे मास्तर आहेत. त्यांच्याकडे एक लाखाच्या लिमिटचं क्रेडिट कार्ड आहे. किराणा, गॅस, लाइटबिल, माझी ट्यूशन असा महिन्याला अठराएक हजारांचा खर्च त्यावर होतो. बिल आलं की पप्पा पूर्ण भरतात. एक दिवस इकडचा तिकडे नाही.

त्रास एकच. पप्पांना ‘नाही’ म्हणता येत नाही. मोबाइलचा सेल लागला रे लागला, की आमच्या दारात चपलांचा ढीग! कोण अमळनेरचं, कोण शिरपूरचं, सगळे आपलेच.

“दादा, कार्डावर दोन हजार सूट आहे. पगार झाला की पैसे आणून देतो.”

आणून द्यायचे हो सगळे. पण पगार होईपर्यंत पप्पांच्या घशाखाली भाकरी उतरायची नाही. बरं, थाप मारावी, तर तीही त्यांना जमत नाही. कान लाल होतात.

मग मला शक्कल सुचली. लिमिटच कमी केली तर? पप्पांना खोटं न बोलता नाही म्हणता येईल!

“पप्पा, कार्डाची लिमिट वीस हजार करू का? आपला खर्च तेवढाच तर आहे.”

“कर बेटा. ओटीपी आला बघ.”

झालं. दोन मिनिटांत लाखाचे वीस हजार.

पुढच्या सेलला समोरचे भावडूकाका आले. पप्पा छाती पुढे काढून म्हणाले, “लिमिटच नाही राहिली हो!” काका हिरमुसून गेले. पप्पांचे कान अगदी नेहमीच्या रंगाचे! मम्मीने मला त्या दिवशी जास्तीचं तूप वाढलं.

एवढ्यावर थांबले असते तर? तीन महिन्यांनी बँकेतून फोन आला. लिमिट वाढवून देतो, पैसे लागणार नाहीत. पप्पांनी फोन माझ्या हातात दिला. आणि मी, पाहुणे आले की स्वयंपाकघरात लपणारी मी, ठणकावून म्हणाले, “जी नहीं, हमें ज़रूरत नहीं है!”

फोन ठेवल्यावर अंगावर मूठभर मांस चढलं होतं. खरंच.

आता मम्मीचं ऐका. ती घरी साड्यांना लेस लावायचं जॉबवर्क करते, भाड्याच्या मशीनवर. तिला स्वतःच्या दोन मशीन घ्यायच्या होत्या आणि गल्लीच्या तोंडाशी छोटा गाळा. शेजारच्या तिघी तिच्याबरोबर काम करायला तयार होत्या. गाळेवाले शेठ महिनाअखेरपर्यंत थांबणार होते. फक्त पप्पांच्या नावावर लोन पास व्हायचं होतं.

आम्ही तिघं बँकेत गेलो. मम्मीने लग्नातली साडी नेसली होती. मी बिलं भरल्याच्या पावत्यांची फाइल घेतली होती, तारखेप्रमाणे लावलेली.

मॅडमनी स्क्रीन पाहिली. परत पाहिली.

“क्रेडिट स्कोअर तो बहुत गिरा है, भाई.”

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा उघडला असेल! फाइल पुढे सरकवली. “मॅडम, एकही बिल उशिरा नाही. बघा ना!”

“बिल तो बराबर भरा है, बेटा. पण कार्ड तर दर महिन्याला काठोकाठ भरलेलं दिसतं! वीस हजारांतले अठरा हजार. नेवु टका, नव्वद टक्के! आधी लाखातले अठराच होते.” मग त्या पप्पांकडे वळून गुजरातीत म्हणाल्या, “लिमिट कोणे ओछी करावी?” म्हणजे, कमी कुणी करून घेतली?

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मम्मीने माझ्याकडे पाहिलं. वॉचमननेसुद्धा पाहिलं!

“पण आम्ही सगळं फेडतो,” मी कसंबसं म्हणाले.

“फेडता, पण बिल बनल्यावर. बिल बनतं त्या दिवशी जेवढं वापरलेलं दिसतं, साधारण तेवढंच स्कोअर काढणाऱ्यांना कळवलं जातं. बघणाऱ्याला वाटतं, माणूस पैशाच्या ओढाताणीत आहे. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत राहिलेलं बरं.”

खर्चात एक रुपयाचा फरक नाही, आणि माझे पप्पा कागदावर कंगाल!

“हाई काय कयं वं पोरी?” मम्मी एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून अहिराणी आली की समजावं, लागलंय खोल.

मग लिमिट वाढवायचा अर्ज केला. बिल बनायच्या आधीच पैसे भरायला लागलो. दोन-तीन बिलं गेली, स्कोअर चढला, लोनही झालं. पण तोवर महिनाअखेर उलटून गेली होती. शेठनी गाळा फरसाणवाल्याला दिला.

मशीन आल्या त्या आमच्या बाहेरच्या खोलीत. माझ्या अभ्यासाच्या टेबलाच्या जागी! टेबल गेलं माळ्यावर. सध्या दहावीचा अभ्यास गॅसच्या ओट्यावर चालू आहे. विज्ञानाच्या वहीला फोडणीचा वास येतो.

परवा भावडूकाका आले. त्यांना रिक्षासाठी लोन काढायचं होतं. मला वाटलं, चला, शिकलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडेल. हात पुसून पुढे झाले.

“काका, सगळं नीट समजावून सांगते. आधी कार्डाची लिमिट...”

“समजावू नको बेटा,” काका घाईघाईने म्हणाले. “माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, तेवढंच सांग. मी बरोबर त्याच्या उलटं करतो.”