सूज खंय आसा?

डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, शरीरात थोडी सूज आहे. मी वाकून आधी माझ्या पायांकडे बघितलं. ते हसले. म्हणाले, बाहेरची नाही गं, आतली. ती रक्तात कळते. ताप नाही, जखम नाही, कसला संसर्गही दिसत नाही, मग दिवसभर करतेस तरी काय? म्हटलं, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास. कुठे बसून? पलंगावर. उठतेस कधी? जेवायला. झोपतेस कधी? इथे मी चक्क थाप मारली. बारा वाजता, असं सांगितलं. खरं तर आमच्या बिल्डिंगमध्ये दूधवाल्याची पहिली बेल वाजायची तेव्हा माझा मोबाईल बाजूला जायचा.

तरुण वयातसुद्धा तासन् तास बसणं आणि अपुरी झोप यांनी अशी बारीक सूज टिकून राहू शकते, असं ते म्हणाले. तेच कारण आहे असं मात्र त्यांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. रोज चाल, वेळेवर झोप, महिन्याभराने परत रक्त बघू. तरीही उतरली नाही तर सांध्यांच्या आजाराच्या तपासण्या करू.

सांध्यांचा आजार! माझ्या मावशीला, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीला, तो माझ्या जन्माआधीच, ऐन तरुणपणी झाला. ती गावाला असते, कुडाळजवळ. तिची बोटं अशी वाकडी झालीत की भाकरीचा तुकडासुद्धा दुसऱ्याने मोडून द्यावा लागतो. लग्न ठरलेलं, तेही मोडलं. आमच्या घरात तिचा विषय निघाला की आई उठून भांडी घासायला लागते.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, फक्त सांध्यांचं तेवढं गिळलं. तिने ‘सूज’ एवढाच शब्द ऐकला आणि पुढचं काही तिच्या कानात शिरलंच नाही. मला खुर्चीत बसवून घोटे दाबले, पोटऱ्या दाबल्या, डोळ्यांखाली बोट लावून बघितलं. आई एरवी इथली, मुंबईच्या चारकोपची मराठी बोलते, घाबरली की मात्र सरळ मालवणीवर येते.

“सूज खंय आसा? माका दिसत नाय.”

आणि मग तिचं सुरू झालं. आमच्याकडे सूज आली की माणसाने पाय वर करून पडायचं, हा नियमच. माझ्या पायांखाली दोन उश्या आल्या. जेवण पलंगावर, चहा पलंगावर, मिठाच्या गरम पाण्याचा शेक सकाळ-संध्याकाळ. इकडची काडी तिकडे करू देईना. अगं, चालायला सांगितलंय, असं म्हटलं तर म्हणाली, सुजल्या अंगाने कोण चालतं? डॉक्टरचं काय जातंय बोलायला! मला काय, आयतंच फावलं. परीक्षा तोंडावर आलेली. पाय उशीवर, मोबाईल छातीवर, आणि झोपेच्या नावाने बोंब.

पंधरा-वीस दिवसांत माझी पार वाट लागली. जिना चढले तरी दम लागायचा, डोकं जड, वाचलेलं लक्षात राहीना. आणि एका सकाळी टूथपेस्टचं झाकण उघडेना. बोटं आखडलेली, मूठ वळेना. थोड्या वेळाने वळली, पण तोवर मी बाथरूममध्ये उभी राहून रडून घेतलं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ना, तसं झालं. भाकरी मोडून देणारं माझं कोण असेल, इथपर्यंत मी पोचले. आईला सांगायची हिंमत नव्हती. तिनेच बाहेरून विचारलं, नळ का गं चालू ठेवलायस एवढा वेळ? मी दार उघडलं आणि बोटांचं सांगून टाकलं.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. आईने अगदी अभिमानाने सांगितलं, जागची हलू दिली नाही मी हिला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “अहो ताई, रोग रेड्याला आणि औषध पखालीला! मी हिला चालायला सांगितलं होतं.” मग आईने मावशीबद्दल सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी माझी बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि सांध्यांच्या तपासण्या लगेच लिहून दिल्या.

रिपोर्ट यायला तीन दिवस लागणार होते. त्या तीन दिवसांत आईने मला घरात बसू दिलं नाही. संध्याकाळी आमच्या सेक्टरच्या रस्त्याने मला पुढे घालून चालायची, तिचे गुडघे दुखायचे तरी. रात्री मोबाईल तिच्या उशाखाली. चालताना तिने मध्येच माझा हात धरला की मला वाटायचं, आता ही बोटांचं विचारणार. मी आपली उगाच चालण्याचा वेग वाढवायची.

रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. मावशीच्या आजाराची एकही खूण नाही, म्हणाले. सूज अजून आहे, तिच्यावर लक्ष ठेवू, बोटांचा त्रास परत झाला तर लगेच यायचं. पण चालणं आणि झोप आता थट्टा समजू नकोस.

बाहेर पडल्यावर आई दवाखान्याच्या पायरीवरच बसली, येणारे-जाणारे बघतायत याचंसुद्धा भान नाही. मी म्हटलं, अगं, नाहीये ना, मग आता का रडतेस? तिने माझा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट सरळ करून बघायला लागली.

“तू झालंस तेव्हापासून तुझी बोटां बघतंय मी.”

लहानपणापासून दर रविवारी ती माझे हात असेच पुढे ओढून घ्यायची. मला आजपर्यंत वाटायचं, नखं बघते.