हवेलीतले चमचे आणि घरातली महालक्ष्मी

आमच्या गल्लीत खून होत नाहीत, त्यामुळे मला डिटेक्टिव्ह व्हायला वयाची त्रेपन्न वर्षं लागली.

यात दोष आमच्या मुलीचा. ती हैदराबादला नोकरीला गेली, जाताना नवा लॅपटॉप घेऊन गेली आणि जुना कॉम्प्युटर माझ्या गळ्यात मारून गेली. त्यात एक फार जुना खेळ होता. खेळाच्या नावात 'रहस्य', 'छाया' आणि 'हवेली' हे तिन्ही शब्द होते, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. हवेलीत एक श्रीमंत म्हातारा मरतो, मग टोपीवाली एक डिटेक्टिव्ह बाई येते आणि खुनी शोधायचं सोडून आपल्याला चमचे शोधायला लावते. पडद्यावर अडगळीच्या खोलीचं चित्र आणि खाली बारा वस्तूंची यादी. वस्तू दिसली की तिच्यावर टिचकी मारायची, ती गायब होते. बारा झाल्या की पुढची अडगळ.

खेळाचे गुण आधी सांगतो, कारण ते लवकर संपतात. चित्रं देखणी आहेत. घाई नाही, कुणी मागे लागत नाही, म्हणजे माझ्या स्वभावाला सोयीचं. आणि अडलं की कोपऱ्यातला कंदील दाबायचा, तो वस्तू दाखवून देतो. संपले गुण.

आता दोष. म्हाताऱ्याच्या छातीत सुरा आणि बाई म्हणते, आधी तीन फुलपाखरं, एक व्हायोलिन आणि एक अननस शोधा. अननसाचा खुनाशी काय संबंध, हे शेवटपर्यंत कळत नाही. व्हायोलिन धुराड्यात! (वाजवणारा माणूस काय छतावर बसत होता?) किल्ली भिंतीच्याच रंगाची आणि भिंतीलाच चिकटवलेली, म्हणजे ती शोधायची नसते, तिची नुसती कल्पना करायची असते. एकदा यादीत 'थिंबल' आलं. मी शब्दकोश काढला, तर ते निघालं शिंप्याचं बोटात घालायचं अंगुस्तान. ते सापडायला दोन दिवस लागले. चिडून इकडेतिकडे टिचक्या मारल्या की शिक्षा म्हणून पडद्यावरचा बाण भोवळ आल्यासारखा गरगरतो. आणि खोल्या मोजून सहा. काल मी निपटून काढलेल्या खोलीत आज पुन्हा तोच पसारा. इतका टुकार खेळ मी आयुष्यात पाहिला नाही, आणि त्याला मी साडेचार महिने दिले.

"तुमी रोज काय करून राह्यले तिथं?" माझी बायको सुनंदा विचारायची.

"खुनी शोधून राह्यलो."

"गॅसचं पुस्तक सापडलं काय?"

"नाही."

"मंग आधी ते शोधा. खुनी काई कुठं जात नाई."

तिला काय कळणार! मी महसूल कार्यालयाच्या दफ्तरखान्यात पंचवीस वर्षं आहे. निजामाच्या काळातली मिसल (फाइलीला आमच्याकडचे जुने लोक अजून मिसलच म्हणतात) मी धुळीच्या ढिगातून काढून देतो. त्यामुळे शोधण्याचा गर्व मला मूळचाच होता, हवेलीनं त्याला फक्त पाणी घातलं. त्या खेळाकडून मी दोन गोष्टी शिकलो. एक, जो सगळ्यात गोड बोलतो तोच गुन्हेगार. दोन, शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करून बोट दाखवायचं.

अशा अवस्थेत मी असताना आमच्या घरी महालक्ष्म्या आल्या. गौरींना आमच्याकडे महालक्ष्मी म्हणतात. दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. त्यांचे आमचे पितळी मुखवटे पणजीच्या वेळचे. बावीस वर्षं त्या भैंशा गावात माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे, बसायच्या. वहिनी सगळं करायची आणि सुनंदा दरवर्षी तिथं जाऊन पुरण वाटायची. आपल्या घरी एकदा तरी महालक्ष्म्या बसाव्यात, ही सुनंदाची फार जुनी इच्छा. त्या वर्षी वहिनीचे गुडघे थकले. गुढीपाडव्याला तिनं दोन्ही मुखवटे सुनंदाच्या हवाली केले, गव्हात पुरून, पत्र्याच्या दोन चौकोनी डब्यांत.

"आता तुया घरी," वहिनी म्हणाली. "पण ध्यानात ठेवजो, एक जरी गेली तं जोडी मोडते. मोडक्या जोडीची पूजा नाई होत."

सुनंदानं दोन्ही डबे आतल्या खोलीतल्या सज्ज्यावर, छताखालच्या फळीवर, ठेवले. त्या दिवशी ती उगीचच सारखी हसत होती. मी तिला इतकं खूष फार कमी वेळा पाहिलंय.

आणि महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी ती स्टुलावर चढली, तर सज्ज्यावर एकच डबा. उघडला, आत ज्येष्ठा. कनिष्ठेचा डबाच नाही. सुनंदा खाली उतरली आणि त्याच स्टुलावर बसली.

"अहो, धाकटी नाई."

दुसऱ्या दिवशी दुपारचा मुहूर्त. सकाळच्या बसनं दादा-वहिनी येणार. जेवायला साठ माणसं. अशा वेळी भला नवरा बायकोच्या खांद्यावर हात ठेवतो. मी म्हणालो, "कशालाही हात लावू नको. पुरावे पुसतात."

मग मी खोलीवार यादी केली आणि शोध सुरू केला. सणासाठी सुनंदानं आठवडाभर घासूनपुसून लख्ख केलेलं घर मी दोन तासांत हवेलीसारखं करून टाकलं. गव्हाची कोठी पालथी केली, दिवाण उपसला, गाद्या उलट्या केल्या. सापडलं बरंच काही. मिक्सरचं झाकण, मुलीचं दहावीचं हॉलतिकीट, एका पायातला पैंजण, गॅसचं पुस्तकसुद्धा. प्रत्येक वस्तू मी मोठ्या ऐटीत सुनंदासमोर नेऊन ठेवत होतो. ती मुखवटा मागत होती आणि मी तिला झाकणं देत होतो.

मग मी साक्षीदारांकडे वळलो. शेजारच्या रमणम्मा आमच्याकडे रोज ताक द्यायला येतात. कुंपणावरून मी त्यांना तेलुगूत विचारलं, गेल्या सहा महिन्यांत तुम्ही आमच्या आतल्या खोलीत किती वेळा गेलात?

"एमैंदी सार?" त्या म्हणाल्या. काय झालं?

"काही नाही. सहज. पण नीट आठवून सांगा."

अर्ध्या तासात गल्लीभर झालं की सारांची देवी चोरीला गेली आणि संशय रमणम्मांवर आहे. पूजेसाठी त्या शेवंतीची फुलं देणार होत्या. त्यांनी निरोप पाठवला, फुलं बाजारात मिळतात. सुनंदानं तो निरोप ऐकला आणि भाज्या चिरायला बसली. सोळा भाज्या होत्या, आणि ती एकेक अशी चिरत होती की मी जरा लांबच उभा राहिलो.

लांब उभं राहून मी विचार केला. डबे दिले कुणी? वहिनीनं. देताना उघडून पाहिले कुणी? कुणीच नाही. मग धाकटी या घरात आलीच कशावरून? आणि आमच्या सगळ्या नात्यात सगळ्यात गोड बोलतं कोण? माझ्या अंगावर काटा आला. खटला सुटला होता.

"मन नाही झालं वहिनीचं," मी सुनंदाला हळूच सांगितलं. "धाकटी ठेवून घेतली. तुला रिकामा डबा दिला."

"डबा जड होता."

"नुसते गहू असतील."

"मंग तो गव्हाचा डबा तरी कुठं हाय?"

हा मुद्दा मला किरकोळ वाटला.

दुसऱ्या दिवशी दादा-वहिनी आले. पाणी पिऊन होताच मी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, पाठीमागे हात बांधून दोन फेऱ्या मारल्या आणि वहिनीकडे बोट दाखवलं. पुढचं मी सांगत नाही, कारण मला ते अजूनही सांगवत नाही. एवढंच, की मी 'कबूल करा' हे शब्द वापरले.

दादा म्हणाला, "अरे, तुले ऊन लागलं काय?"

वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा मी कॉलेजात होतो, माझे डबे तिनं भरले. तिचे डोळे भरून आले, ते तिनं पदरानं टिपले.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे असं बोलाचं तुमाले कोनं शिकवलं?"

"कॉम्प्युटरनं," मी म्हणालो. आणि सांगायला लाज वाटते, पण तेव्हा हे मी अभिमानानं म्हणालो.

"दाखवा मले."

गुडघे धरत धरत ती आतल्या खोलीत आली आणि माझ्या खुर्चीवर बसली. मी खेळ सुरू केला. पडद्यावर हवेली आली, टोपीवाली बाई आली, वहिनीनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पडद्याच्या खाली पाहत होती.

"ह्याच्याखाली काय हाय?"

"डबा आहे. पडदा फार खाली येतो, मान दुखते. म्हणून उंच केला."

"कशाचा डबा?"

"सज्ज्यावर पडला होता. चांगला जड होता, हलत नव्हता, म्हणून..."

इथं मला माझं वाक्य ऐकू आलं. पण ते आता मागे घेता येत नव्हतं. डबा बरा दिसावा म्हणून त्याला खाकी कागदाचं कव्हरही मीच घातलं होतं, शाळेच्या वहीसारखं, कोपरे दुमडून. वहिनीनं दादाला पडदा उचलायला लावला, कव्हर फाडलं, झाकण काढलं आणि गव्हात हात घातला. कनिष्ठा वर आली. साडेचार महिने मी अननस शोधत होतो, तो तिच्या नाकासमोर बसून.

दादा इतका हसला की त्याला पलंगावर बसावं लागलं. वहिनी हसली नाही. मी तिच्या पायांशी वाकलो, तशी ती म्हणाली, "माया पाया पडू नका. तिच्या पडा. तिनं या दिवसाची किती वाट पाह्यली, मले ठाऊक हाय."

सुनंदा दारात उभी होती. मी तिच्याकडे वळलो, पण तोवर ती मुखवटा घेऊन गेली होती. मग मी रमणम्मांकडे गेलो. माझ्या तेलुगूत ऑफिसपुरते शब्द आहेत, माफीचे फार कमी, तेवढे सगळे संपवले. त्यांनी अखेर फुलं दिली, माझ्या हातात मात्र नाही, थेट सुनंदाच्या. मुहूर्त साधला. दोघी बहिणी सोन्यामोत्यांच्या पावलांनी घरात आल्या, साठ माणसं जेवली, आणि प्रत्येकानं मला वाढताना आवर्जून विचारलं की तपास कसा चाललाय. सुनंदा तीन दिवस सगळ्यांशी बोलली, माझ्याशी नाही.

तिसऱ्या दिवशी निरोपाची आरती झाल्यावर मुखवटे उतरवले. ते पुन्हा भैंशाला जाणार, असं सगळ्यांनी धरलंच होतं. सुनंदानं ते स्वतःच पुसून वहिनीपुढे ठेवले. वहिनीनं ते उलट तिच्याच मांडीवर दिले.

"जोडी इथंच राह्यते. करणारी तू हायस," ती म्हणाली. "फक्त ठेवायची जागा भाऊजीले सांगू नको."

तेव्हा सुनंदा तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "जा, कापूर घेऊन या." घरात कापराची तीन पाकिटं होती. मी गेलो. आलो तेव्हा मुखवटे ठेवून झाले होते.

याला तीन वर्षं झाली. कॉम्प्युटर भंगारात गेला, म्हाताऱ्याचा खुनी मला शेवटपर्यंत सापडला नाही. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या सकाळी मला कापूर आणायला पाठवतात, आणि मी येतो तो दोघी पाटावर. गेल्या महिन्यात सुनंदा माहेरी जैनथला गेली, तेव्हा मी दोन दिवस सगळं घर उपसलं. या वेळी डोकं वापरलं. प्रत्येक वस्तू जिथून उचलली तिथंच, तशीच परत ठेवली. गाद्यांच्या घड्यासुद्धा. कुणाच्या बापाला कळलं नसतं. सुनंदा आली, चपला काढल्या, हॉलमध्ये उभी राहून एकदा नजर फिरवली आणि पिशवी माझ्या हातात देत म्हणाली,

"नाई सापडले ना?"