आरशावरच्या टिकल्या

अक्काला शेवटची अंघोळ घातली आणि तिनं बजावल्याप्रमाणं मी लाल टिकली लावायला घेतली. काकूनं मनगट धरलं. "न्हाय गं, विधवा हाय ती." मी हात सोडवून घेतला आणि लावलीच... पण त्या गार, ओल्या कपाळावर ती धरेना. गळून पडली. पुन्हा लावायच्या आत अक्काला उचललं.

अक्का माझी थोरली बहीण. नव्वदच्या दशकात उचगावहून बसनं कोल्हापूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला जायची आणि उरलेला जीव फळमाशीच्या गर्भावरच्या संशोधनात घालायची. मी शिवणकामवाली, मला काय कळणार कपाळ! एकदा वैतागून म्हणाले, "माश्यांत काय बघतीस गं एवढं?"

तिनं मला ओढतच आरशापुढं नेलं. आपण सगळ्याच चिकटवतो तशा तिच्या टिकल्या काचेवर होत्या. म्हणाली, "ही काच म्हंजे वाढत्या गर्भातली एक पेशी. तिला वर कुठलं, खाली कुठलं कळाय पायजे, न्हायतर कातडं, आतडं कायच धड घडणार न्हाय. वरच्या कडंला एक विकर, म्हंजे एन्झाइम, बसलेलं असतंय. खालचं प्रथिन चुकून वर आलं, की हे त्याला फॉस्फेटची टिकली लावतंय. टिकली लागली की पकड सुटली. जा खाली!"

"बायकांचं उलटं हाय की," मी म्हणाले. "टिकली गेली की खाली!" दोघी पोट धरून हसलो.

पुढं भावजी गेले. दिवस झाल्यावर अक्का टिकली लावूनच कॉलेजला निघाली. काकू दारात आडवी आली. "जायाचं ते प्रथिनांनी," अक्का म्हणाली, "मी हितंच." काकूला काही कळलं नाही. पण त्यानंतर अक्काला हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही, आणि ते तिला लागायचं. फार लागायचं.

मग पोटात गाठ निघाली. रिपोर्ट तिनंच वाचला. "माझ्याच पेशींना वर-खाली कळंना झालंय बघ," म्हणाली आणि ढसाढसा रडली. संशोधन अर्धंच राहिलं. शेवटी शेवटी एकच सांगायची, "जाताना टिकली लाव. काकू अडवंल, तू ऐकू नगंस." मी व्हय म्हणाले होते.

काकू म्हणते, आरसा पुसून टाक. मी हात लावू देत नाही. काल त्यावरची एक टिकली आपोआप गळली, डिंक वाळला असणार. मी ती उचलली, थोडा डिंक लावला आणि पुन्हा चिकटवली... वरच्याच कडेला.