राजाची अडीच घरं

आधीच सांगतो — भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. ऑफिसात असल्या गप्पा सुरू झाल्या की मी हमखास विचारायचो, "भुताचं धोतर धुतं कोण?" लोक चिडायचे. आता हसायची पाळी तुमची... खुशाल हसा.

गोष्ट बावन्न-त्रेपन्न सालची. मी ठाण्याला कारकून, राहायला डोंबिवलीत एका खोलीत. आधी त्या खोलीत आम्ही दोघं होतो. बापू माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, कोलशेतच्या कारखान्यात फिटर, आणि माझ्यासारखाच बिनलग्नाचा. संध्याकाळी स्टोवर पिठलं-भात शिजेपर्यंत आमचा बुद्धिबळाचा पट मांडलेला असायचा. बापू जुन्या देशी पद्धतीनं खेळायचा. त्या पद्धतीत राजाला तोवर शह लागला नसेल, तर तो डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारू शकतो. विलायती नियमांत ही उडी नाही. "एवढीही मुभा नाही? मग तो राजा कसला रे?" बापू म्हणायचा.

त्याची आणखी एक खोड होती. मी चुकीच्या मोहऱ्याकडे हात नेला की तो नाकातून "अंहं" करायचा — समोर बसून माझ्याविरुद्ध खेळत असतानासुद्धा.

"अरे, तू जिंकायला बसलायस की मला शिकवायला?" मी वैतागायचो.

"चुकून मिळालेला डाव गोड लागत नाही," तो म्हणायचा.

विषमज्वरानं आठ-दहा दिवसांत बापू गेला. खडवलीहून त्याचे भाऊ आले, ट्रंक घेऊन गेले. पट मी मागून घेतला. त्यानंतरही मी पिठलं दोघांपुरतंच करायचो आणि उरलेलं सकाळी खायचो. कमी करायचं मनातच येईना. खरं सांगतो, फार एकटं वाटायचं.

म्हणून कल्याणच्या एका वाचनालयातल्या स्पर्धेत नाव दिलं. नियम विलायती, पुस्तकावरून मी ते पक्के केले होते. आणि चक्क फायनलला पोचलो. जिंकणारा पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. मी जन्मात कधी काही जिंकलो नव्हतो. ऑफिसात लोक पहिल्यांदाच माझी आपणहून चौकशी करत होते. तो डाव मला फार हवा होता.

रविवारची दुपार. समोर कल्याणचेच एक वकील. माझ्या खुर्चीमागे पुस्तकांचं कपाट, अगदी पाठीला टेकलेलं. डाव रंगला आणि मला दिसलं — हत्ती देऊन टाकायचा. त्यांनी तो मारला की माझा वजीर आत, आणि मग मात टळत नाही. त्यांच्या राजाला पळायला एकही घर नाही. दोनदा ताडून पाहिलं. हात पुढे केला...

"अंहं."

कानामागून. नाकातून. मी हात मागे घेतला.

वकील ताडकन उठले. "अहो चिटणीस, इकडे या जरा. यांना मागून कुणीतरी सुचवतंय. हे चालायचं नाही."

स्पर्धेचे चिटणीस आले, माझ्यामागे वाकून पाहिलं. "वकीलसाहेब, इथे नुसतं कपाट आहे."

"मी माझ्या कानांनी ऐकलंय," वकील म्हणाले. मी पटावरच नजर ठेवली.

हत्ती दिला नाही. त्या आवाजाचं मी नेहमीच ऐकत आलो होतो. घोडा मागे घेतला, आणि हळूहळू डाव हातचा गेला.

नंतर आम्ही दोघांनी तोच डाव पुन्हा मांडून पाहिला. वकील माणूस दिलदार. "हत्ती दिला असतात तर मी संपलो होतो," ते म्हणाले. "कशाला थांबलात?"

मी म्हटलं, "घाबरलो."

घरी येईपर्यंत बापूवर चिडत होतो. मेल्यावरही सल्ला द्यायचा, आणि तोही चुकीचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्याच पटावर ती स्थिती मांडली. बराच वेळ काही उमगेना. मग लक्षात आलं — वकिलांच्या राजाला तोवर एकही शह लागला नव्हता. म्हणजे देशी पद्धतीत तो अडीच घरं उडी मारून सहीसलामत बाहेर पडला असता, आणि माझा हत्ती फुकट गेला असता. बापूच्या नियमांनी बापूचं बरोबर होतं. मी पटासमोर बसून रडलो.

शहाणी माणसं म्हणतील, जुनी सवय, मनाचे खेळ. मीही तेच म्हणालो असतो. पण मग वकिलांनी काय ऐकलं?

त्यानंतर मी पुष्कळ स्पर्धा खेळलो. प्रत्येक स्पर्धेत एकदा तरी, साफ चुकीची खेळी समोर दिसत असताना, मी मुद्दाम तिच्याकडे हात नेतो आणि मोहऱ्याच्या वर तसाच धरून, कान मागे लावून थांबतो. समोरचा शेवटी कंटाळून म्हणतो, "खेळा ना, साहेब." मग मी तीच खेळी खेळतो.